पायावर्ग कुणाचा

"मग नसीमच का?" रेणुकानं विचारलं.

मोठ्या बाई भाकरी मोडत होत्या. त्यांनी तुकडा चटणीला लावला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"आधी डबा उघड," त्या म्हणाल्या. "भूक लागली की माणूस वाकडं विचारतं."

"मला भूक नाही."

"बघ. वाकडंच."

ही गोष्ट सोलापुरातल्या एका शाळेतली. शाळा अशा गल्लीतली, की जिथं घरात तेलुगू, ओट्यावर मराठी, बाजारात हिंदी आणि भांडणात तिन्ही चालतात. शाळेची पाटी मात्र इंग्रजी माध्यमाची.

आता पाटी इंग्रजी लावली म्हणून पोरांच्या जिभेला थोडीच कळतं? चौथीपर्यंत कुणी तेलुगू शाळेत, कुणी मराठी, कुणी उर्दू. पाचवीला आईबाप हौसेनं इथं आणून घालायचे. पोरांना एबीसीडी यायची, फळांची नावं यायची. पण विज्ञानाचा अख्खा धडा इंग्रजीत सुरू झाला की पोरं अशी बसायची, जशी परक्याच्या लग्नात चुकून पंगतीला बसलीत.

त्यांच्यासाठी पायावर्ग. रोज सकाळचे पहिले दोन तास ही नवी पोरं आपापल्या वर्गातून उठून कोपऱ्यातल्या खोलीत यायची. तिथं सगळं इंग्रजीत. पण पुस्तक नाही. एक पत्र्याची पेटी. तीत फुलपात्र, कुलूप, कंगवा, दोरी, कांदे, असलं घरातलं सामान. मोठ्या बाई एकेक काम करायच्या आणि करता करता काय करतोय ते इंग्रजीत म्हणायच्या. पोरं बघायची. मग पोरं करायची.

एकच नियम होता. नव्या पोराला कुणी "बोल" म्हणायचं नाही. त्याचं तोंड उघडेल तेव्हा उघडेल. कुणाचं आठवड्यात उघडायचं, कुणाचं दसऱ्याला, कुणाचं नाताळ आला तरी नाही. पालक कुरकुरायचे, गप्प बसायला घरी काय जागा नव्हती का. बाई हसायच्या आणि पालकांना पाणी द्यायच्या.

बाईंचं आडनाव गुंडेटी. पण सगळी शाळा त्यांना मोठ्या बाईच म्हणायची. त्या केव्हाच निवृत्त झालेल्या, शाळेनं बोलावून ठेवलेल्या. आता डोळे साथ देईनात. दिवाळीपासून येणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई ज्यांचं नाव घेतील त्यांना पायावर्ग."

आणि रेणुकाला वाटत होतं, नाव आपलंच.

का वाटू नये? ती बाईंच्या हाताखाली वाढलेली. माग चालवणाऱ्या मजुराची पोर, तेल गळणाऱ्या दोन वेण्या घालून बाईंच्या ओट्यावर इंग्रजी शिकायला बसायची. बरोबरच्या सगळ्या पोरांत पहिलं तोंड उघडलं ते तिचं. ते उघडलं ते उघडलंच. पुढं इंग्रजीत एम. ए. झाली, याच शाळेत दहावीला शिकवायला लागली. रेणुका वडनाल मॅडमचा वर्ग मिळावा म्हणून लोक ओळखी काढायचे.

पण जूनमध्ये नसीम आली. डी. एड. झालेली, उर्दू शाळेतली. इंग्रजी बोलायची ती तेलाच्या बुधलीतून थेंब थेंब काढावं तशी. हिला बाईंनी मदतीला घेतलं, शेजारी उभं केलं, आणि…

आणि काय ते रेणुकाला सगळं ठाऊक होतं. नसीमनं कोणत्या दिवशी कोणती ओढणी घेतली होती. बाई तिला कितीदा "बाळ" म्हणाल्या. रेणुकाला त्या आताशा थट्टेनं "मॅडम" म्हणायच्या. रेणुकानं शेंगापोळ्या करून आणल्या, तर बाईंनी एक तुकडा चाखला आणि बाकीच्या नसीमपुढं सरकवल्या. आणि एकदा तर बाईंनी आपली भाकरी मोडून अर्धी नसीमच्या डब्यात ठेवली होती.

आता अर्ध्या भाकरीवरून कुणी रडतं का? रडतं. चांगली शिकली सवरली बाई न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडते. घरात नवरा म्हणतो, "सकाळपासून नसीम, नसीम. तिचं लग्न जमवायचंय का तुला?"

तर पायावर्गासाठी बाईंनी नसीमचंच नाव घेतल्याचं कळलं, आणि अशी ती त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंपुढं येऊन उभी राहिली होती.

"बाई, तिचं इंग्रजी तुम्ही ऐकलंय."

"ऐकलंय की."

"ती चुकते."

"चुकते."

"मुलांसमोर अडते. शब्द आठवत नाही तिला."

"हो ना. परवा बराच वेळ अडली बघ."

"मग?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. हात धुतले. पदराला पुसले.

"उद्याचा तास तू घे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रेणुका ठेवणीतली इरकल नेसून आली.

तिच्यासारखं शिकवणं तिलाच जमावं. पेटी उघडली आणि दहा मिनिटांत खोली नुसती उसळायला लागली. कुलूप नाचलं, कंगवा नाचला. पोरं खिदळली. एकजण हळूच शेजारच्याला म्हणाला, "ह्या मॅडम टीव्हीतल्यासारखं बोलूलालेत बे."

रेणुकानं ते ऐकलं. कान सुखावले.

मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी नसीम.

भिंतीकडेला मल्ली बसली होती. मल्लेश्वरी नाव, पण तेवढं लांब कोण म्हणतंय. आई विड्या वळायची, घरात फक्त तेलुगू. जूनपासून मल्लीनं या खोलीत तोंड उघडलं नव्हतं. बघायची मात्र सगळं. पाणी ओतलं की पाण्याकडं, दोरी ओढली की दोरीकडं. डोळे असे, की घरातली मांजरंसुद्धा एवढं बघत नाहीत.

रेणुका तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

 पोरांनी वळून मोठ्या बाईंकडं पाहिलं. नियम पोरांनाही माहीत होता.

नसीम अर्धवट उठली. बाईंनी न बघता तिच्या मनगटावर हात ठेवला. ती खाली बसली.

रेणुकानं तो हात पाहिला. मनगटावरचा. लहानपणी बाई आपल्याला रस्ता ओलांडून द्यायच्या तेव्हा असाच धरायच्या, हे तिला आठवलं. 

ती मल्लीपुढं बसली. हनुवटी दोन बोटांनी वर केली. गोड आवाजात विचारलं, "हाऊ आर यू, मल्ली?"

मल्लीनं पाहिलं.

"से, आय ॲम फाइन, थँक यू."

…

"आय. ॲम. फाइन."

…

किती वेळ गेला कोण जाणे. रेणुका हसतच होती, पण हनुवटीवरची बोटं काही निघाली नाहीत. शेवटी मल्लीचे ओठ हलले.

"आय ॲम फाइन, थँक यू."

अगदी स्वच्छ. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

"मल्ली बोलली बे," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. नसीमनंही वाजवल्या, अगदी मनापासून. ते तर रेणुकाला आणखीच लागलं. तिला नसीमचा पडलेला चेहरा बघायचा होता.

मोठ्या बाईंनी टाळी वाजवली नाही. त्या चष्मा पुसत होत्या.

तास संपला. पोरं सामान पेटीत ठेवायला लागली. मल्लीनं वाकून फुलपात्र आत ठेवलं आणि वरचं झाकण सुटलं.

पत्र्याचा आवाज झाला. मल्लीनं बोट ओढून घेतलं आणि मुठीत दाबलं. डोळे भरून आले.

रेणुका धावली. "व्हॉट हॅपन्ड, मल्ली? आर यू हर्ट?"

मल्लीनं तिच्याकडं पाहिलं.

"आय ॲम फाइन, थँक यू."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"नाही नाही. बोट दाखव. शो मी."

"आय ॲम फाइन, थँक यू."

गालावरून पाणी वाहत होतं आणि पोर शहाण्यासारखं तेच वाक्य म्हणत होती.

 मग रेणुकाला आपलीच भाषा आठवली, तेलुगू. लहानपणी आई जी बोलायची ती. शाळेत ती वर्षानुवर्षं तोंडातून काढली नव्हती. "एमैंदि, मल्ली?" तिनं विचारलं. "काय झालं गं, एमैंदि?"

मल्लीनं हुंदका गिळला. मॅडमना काय आवडतं ते तिला आता कळलं होतं.

"आय ॲम फाइन," ती म्हणाली, "थँक यू."

नसीम कधी पुढं आली ते कुणाला दिसलं नाही. ती फरशीवर मांडी घालून बसली. काही विचारलं नाही. तेलुगू तर तिला येतच नव्हतं. तिनं फक्त आपला तळहात पुढं धरला, उघडा.

आणि थांबली.

मल्लीनं मूठ सोडली. बोट तिच्या तळहातावर ठेवलं. नख काळंनिळं झालं होतं. मग पोरीनं तोंड उघडून जो गळा काढला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

"अच्छा… अच्छा…" नसीम म्हणत होती आणि ओढणीचं टोक पाण्यात भिजवून बोटाला लावत होती. मोठ्या बाई पाण्याचा तांब्या धरून उभ्या होत्या.

सगळे बोटाकडं बघत होते. रेणुका तळहाताकडं बघत होती.

मनाला लाज असते. मत्सराला नसते. अशा वेळीसुद्धा तिच्या मनात आलं ते एवढंच, की पोरीनं बोट तिच्याच हातावर ठेवलं.

संध्याकाळी रेणुका बाईंच्या घरी गेली. बाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पुढ्यात परात, पदरात फोलपटं.

"ये," त्या म्हणाल्या. "चहा ठेवू?"

"नको. मल्लीच्या घरी पिऊन आले."

बाईंनी वर पाहिलं.

"बोट कसं आहे?"

"बरं आहे. सूज नाही. हाड शाबूत आहे."

"आई काय म्हणाली?"

रेणुका पायरीवर बसली. 

"मला वाटलं भांडेल," ती म्हणाली. "मी भांडण ऐकायला गेले होते, बाई. तिनं विड्यांचं सूप बाजूला सारलं. शेजारणीकडून खुर्ची आणली. चहा केला. म्हणाली, माझी पोर आज इंग्रजी बोलली. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं तिचं. पाया पडायला लागली माझ्या."

"मग?"

"मग काय. मल्लीला बोलावलं तिनं. म्हणाली, मॅडमना बोलून दाखव."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"दाखवलं?"

रेणुकानं मान हलवली. दाखवलं.

…

गल्लीतून एक सायकल गेली. कुणाच्या तरी घरी फोडणी पडली. बाईंनी शेंग फोडली.

"वर्ग नसीमलाच द्या," रेणुका म्हणाली.

"मनापासून म्हणतेस?"

रेणुकाला हो म्हणायचं होतं. गोष्टीतल्या चांगल्या शिष्या असंच म्हणतात.

"नाही," ती म्हणाली. "अजून जळतंय. आज सकाळपेक्षा जास्त."

"बरं."

"बरं काय, बाई? तुम्ही रागवा तरी."

"कशाला? जळतंय तर जळतंय. हे घे, शेंगा फोड."

रेणुकानं मूठभर शेंगा घेतल्या. फोडायला लागली. तिच्या बोटांना जोर होता, दाणे परातीबाहेर उडत होते.

"तिच्यात काय आहे ते तरी सांगा," ती म्हणाली. "तिला काय येतं जे मला येत नाही?"

"मला आता नीट दिसत नाही, रेणू. तूच सांग."

"मी?"

"तू."

 रेणुका बोलायला लागली ती थांबेचना.

"ती कुलूप उघडते तेव्हा कुलपाकडं बघते. पोरांकडं नाही. मग पोरंही कुलपाकडं बघतात. मी पोरांकडं बघते. त्यांना येतंय की नाही ते बघते. म्हणून मग पोरं कुलपाकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघतात… पाणी ओतताना ती वाक्य मध्येच सोडून देते आणि पाणी मात्र ओतत राहते. फुलपात्र भरतं, सांडायला लागतं, फरशीवर ओघळ येतो, तरी ती आपली ओततेच. मग कुणीतरी न राहवून ओरडतं, स्टॉप, स्टॉप. मला वाटायचं हिला शब्द आठवत नाहीत."

"मग आठवतात का?"

"कधी आठवतात. कधी खरंच आठवत नाहीत. एकदा कंगव्याचा शब्द आठवेना. लाल झाली नुसती. तेव्हा तो कडेचा चष्मेवाला पोरगा पहिल्यांदा बोलला. त्यानं सांगितला. मग दिवसभर तो पोरगा असा चालत होता, जसं काही शाळा त्याच्या आजोबांनी बांधली."

बाईंना हसू आलं.

"आणि मल्ली?"

"मल्लीला ती रोज एक कांदा देते. हातात. बोल म्हणत नाही, बघतही नाही तिच्याकडं. इंग्रजीत म्हणते, कांदा टोपलीत टाक. मल्ली टाकते. एवढंच. आधी मल्ली दुसऱ्या पोरांचं बघून टाकायची. गेल्या महिन्यापासून सगळ्यांच्या आधी टाकते. कालची गोष्ट. नसीम म्हणाली, कांदा टोपलीत टाक, आणि चुकून हातात कंगवाच दिला. मल्ली टाकेना. कंगवा धरून बसली. नसीमला काही कळेना. मल्लीनं तिचा हात ओढला, पेटीकडं नेला आणि कांद्यावर ठेवला. तिला शब्द येतोय, बाई. तोंडातून निघत नाही, पण आत आहे. निघणारच होता. आठ-पंधरा दिवसांत निघाला असता. आणि मी आज…"

ती थांबली.

शेंगा संपल्या होत्या. तिच्या हातात नुसती फोलपटं होती.

"हे सगळं नसीमनं सांगितलं तुला?" बाईंनी विचारलं.

"ती कशाला सांगेल?"

"मी सांगितलं?"

"तुम्ही मला हल्ली काय सांगता?"

"मग कुठून कळलं?"

रेणुकानं हातातली फोलपटं कुस्करली.

…

"खिडकीतून," ती म्हणाली.

"कधी?"

"मंगळवारी, शुक्रवारी मला पहिले तास मोकळे असतात."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"दहावीला निबंध लिहायला देते."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"तरीच," बाई म्हणाल्या. "दहावीची पोरं म्हणतात, यंदा निबंध फार."

रेणुकाला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते फोलपटांच्याच हातानं पुसलं.

"नसीम जूनपासून माझ्या शेजारी उभी आहे," बाई म्हणाल्या. "तिला विचारलं ना, तर तू सांगितलंस त्यातलं निम्मंसुद्धा तिला सांगता यायचं नाही."

रेणुकानं मान वर केली. जीव कुठंतरी पुन्हा आशेला लागला. माणसाचा लागतोच.

"मग वर्ग…"

"वर्ग नसीमचा."

…

"आणि मी?"

"मल्लीच्या शेजारी जागा आहे."

"तिला शिकवायला?"

"बसायला."

"बसून काय करू?"

"काही नाही."

रेणुकानं ओठ दाबले. ओट्याखाली कुत्रं येऊन बसलं होतं, ते तिच्याकडं बघत होतं. तिनं एक दाणा त्याच्यापुढं टाकला. कुत्र्यानं हुंगला आणि सोडून दिला.

"एम. ए. झालेली बाई पायावर्गात पोरांबरोबर बसली. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला विचारू नकोस."

"नसीम काय म्हणेल?"

हे विचारताना तिचा आवाज अगदी बारीक झाला. वेण्यांतून तेल गळायचं तेव्हा असायचा तेवढा.

मोठ्या बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. पदरातली फोलपटं त्यांनी ओट्याखाली झटकली. परात उचलून दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यात थांबल्या.

"उद्या आत ये, रेणू," त्या म्हणाल्या. "खिडकीत उभी राहतेस तेव्हा तुझी सावली फळ्यावर पडते."